गोफेर लाकूड

अब्बा कुठलं लाकूड तासताहेत हे मी आत बसून, नुसत्या रंध्याच्या आवाजावरून सांगायचे. सागावर रंधा लांब, सरळ सुरात चालायचा. बाभळीवर अडखळायचा आणि मग अब्बा त्याच्याशी भांडायचे. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे अब्बांचं दुकान, मागच्या दोन खोल्या म्हणजे आम्ही, आणि मधल्या दारातून दिवसभर भुसा आत यायचा. अम्मी परात पदराआड धरून भाकरी थापायची, तरी जेवताना कुणाच्या ना कुणाच्या घासात कण लागायचाच. "निम्मं झाड तर तुमी खाऊनच संपवलं," असं ती आम्हाला म्हणायची. उडदाचं घुटं, भाकरी, लसणाची चटणी हे रोजचं जेवण, आणि त्या सगळ्याला सागाचा वास. लग्नानंतर सासरचं जेवण मला कित्येक महिने अळणी लागायचं. मीठ बरोबर असायचं, भुसा नसायचा.

आमचं गाव कृष्णेच्या काठचं, साताऱ्याची हद्द संपून सांगलीची लागते त्या बाजूचं. घरात आम्ही आपसात दखनी बोलायचो, पण अब्बा गिऱ्हाइकांत राहून राहून गावचीच मराठी जास्त बोलायचे. कडेगावपासून पाटणपर्यंत त्यांच्या हातचे दरवाजे होते, पाळणे होते, जनाज्याच्या फळ्या होत्या. नाव मात्र कशावरच नव्हतं. गावातल्या देवळाच्या दरवाजावर देणगी देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, पंधरा-वीस तरी असतील. ती सगळी अक्षरं अब्बांनी पटाशीनं कोरली. मी शाळेतून येताना ती वाचायचे आणि मनातल्या मनात चिडायचे. एकदा मी त्यांना म्हणाले, "खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलंबी नाव घालायचं की." तर म्हणाले, "दार उघडतंय न्हवं नीट? मग झालं की." त्यांना खरंच काही वाटत नव्हतं. वाटायचं ते मला.

माझं अक्षर चांगलं होतं. चांगलं म्हणजे शाळेच्या फळ्यावरचा सुविचार रोज मी लिहायचे, इतकं. त्या अक्षरामुळेच मार्थाबाई माझ्या आयुष्यात आल्या. त्या मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. चर्चच्या मागं दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. तरुणपणी त्या एका म्हाताऱ्या मडमेकडून बायबलच्या जुन्या कराराची मूळ भाषा, हिब्रू, शिकल्या होत्या, आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या पाळकांसाठी, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंसाठी, पवित्र शास्त्रातल्या अवघड शब्दांचे मराठी अर्थ लिहीत होत्या. चाळीस वर्षं. वह्यांचा ढीग माझ्या कमरेइतका होता. तो छापायचं अखेर ठरलं, आणि नेमका तेव्हाच बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मग दहावीची परीक्षा दिलेल्या, सुट्टीत रिकाम्या बसलेल्या मला त्यांनी बोलावून घेतलं. त्या सांगायच्या, मी मुद्रणप्रत लिहायचे. मध्ये गवती चहा आणि गुळाबरोबर भाजलेल्या शेंगा. मुसलमानाची पोरगी त्यांच्या शास्त्राची वही लिहितेय याचं गावात दोन-चार जणांना नवल वाटलं, पण आम्हा दोघींना कामापुढं त्याचा विचार करायला सवड नव्हती.

बाईंची कामाची एक रीत होती. एखादा शब्द शास्त्रात जितक्या वेळा आला असेल तितक्या उभ्या रेघा त्या समासात मारायच्या. रेघा पुष्कळ असल्या की बाई निश्चिंत. हा शब्द इथं असा आलाय, तिथं तसा, म्हणजे अर्थ अमुक. रेघा दोन-तीनच असल्या की त्या सावध व्हायच्या, आणि एकच रेघ असली की पुस्तकं बाजूला ठेवून माणसं शोधायच्या. त्या वस्तूला रोज हात लावणारी माणसं. भांड्याचा शब्द असेल तर कुंभार, पाल्याचा असेल तर वैदू. मेंढ्याच्या चरबीदार शेपटीसाठी एक धनगर बोलावला होता. तो हसून म्हणाला होता, "आवं बाई, आमच्या मेंढराची शेपटी असती बोटाएवढी, तिच्यात कसली आलीया चरबी?" बाईंनी वहीत लिहिलं, तिकडच्या मेंढराची शेपटी जाड असते, आपल्याकडची मेंढरं वेगळ्या जातीची, धनगराला विचारून खात्री केली. माणसाला विचारलं असेल तर ते लिहायचं आणि कळलं नसेल तर तेही लिहायचं, हा त्यांचा नेम. "शमीम," त्या मला म्हणायच्या, "खेड्यातला पाळक हे वाचून लोकांपुढं उभा राहतो. मला माहीत नसलेलं मी त्याच्या तोंडी घालायचं नाही." एवढी शिकलेली बाई इतक्या वेळा 'ठाऊक नाही' म्हणते, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्या शाळेतले गुरुजी तर ठाऊक नसलं की छडी काढायचे.

आणि मग गोफेर आला. महापुरातून माणसं-जनावरं वाचवायला देवानं नोहाला तारू बांधायला सांगितलं, ते कुठल्या लाकडाचं करायचं ते सांगताना हा शब्द येतो. समासात एकच रेघ. संपूर्ण शास्त्रात पुन्हा कुठंही नाही. कुणी विद्वान म्हणतात सुरूच्या जातीचं झाड, कुणी म्हणतात देवदार, आणि कुणी म्हणतात की हे झाडाचं नावच नव्हे, लाकूड तयार करायची रीत असावी. बाईंनी मला ती जागा कोरी सोडायला सांगितली आणि म्हणाल्या, "तुझ्या अब्बांना उद्या बोलाव."

अब्बा आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. बाईंनी मापं सांगितली. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. आत तीन मजले, बाजूला दार, आतून-बाहेरून डांबर.

"हात कुणाचा?" अब्बांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आवं बाई, माझा हात न् ह्या पोरीचा हात. तीनशे हातांत लय फरक पडतोय."

बाई खूश झाल्या. हा प्रश्न मोठ्या मोठ्या लोकांनी विचारलाय, म्हणाल्या. मग अब्बांनीच विचारायला सुरुवात केली. वल्ही किती? वल्ह्यांचा उल्लेख नाही. शीड? नाही. सुकाणू? तेही नाही.  अब्बांचा अंगठा खुर्चीच्या हातावरून फिरत होता, लाकूड तपासताना फिरतो तसा.

"मग ही नाव न्हवंच बाई," ते म्हणाले. "ही पेटी हाय. नावंला कुटंतरी जायाचं असतंय. हिला कुटं जायाचं न्हाई, निस्तं बुडायचं न्हाई. आपल्याकडं पुरात मानसं गुळाच्या काइलीत बसून तरली. ती कढई काय नाव हाय? तसंच हे."

बाई उठून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या की हिब्रूत तारवासाठी नेहमीचा नावेचा शब्द नाहीच. जो आहे तो दोनच गोष्टींत येतो. एक ही, आणि दुसरी नदीत सोडलेल्या तान्ह्या बाळाच्या लव्हाळ्याच्या पेटीची. "मला हे कळायला किती वर्षं लागली, मिस्त्री," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही बसल्या जागी सांगितलंत." अब्बांसाठी कुणी उठून उभं राहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की रडू येईल की काय असं झालं. पुढं मी जे केलं त्याचं मूळ या अभिमानात आहे, म्हणून तो इथं सांगून ठेवते.

लाकडाचं मात्र अब्बांनी लगेच सांगितलं नाही. "आमच्यात बी नूह अलैहिस्सलामची किश्ती हाय," ते म्हणाले, "पर फळ्या न् खिळे, एवढंच सांगितलंय. लाकडाचं नाव न्हाई. मला जरा येळ द्या."

"ठाऊक नसेल तर तसं सांगा. तेही मला चालेल."

"आदी बघतो बाई. न बघता कसं सांगू?"

बघतो म्हणजे काय ते अम्मीला दुसऱ्या दिवशी कळलं. अब्बांनी साग, आंबा, जांभूळ, शिवण, उंबर आणि खैर यांचे वीत-वीतभर तुकडे कापले, प्रत्येकावर खूण केली, डांबराचे दोन हात दिले आणि वाळल्यावर मागच्या दारच्या हौदात सोडले. पाऊस चाळीस दिवस पडला असं बाईंनी सांगितलं होतं. पाणी ओसरायला त्याहून पुष्कळ दिवस लागले, पण अब्बा म्हणाले, निदान पाऊस तरी मोजू. खैर त्याच दिवशी तळाला गेला. अब्बा वाकून त्याला म्हणाले, "तू न्हवंस गड्या." हौदाच्या पाण्याला डांबराचा वास यायला लागला आणि अम्मीला भांड्यांसाठी नदीवरून पाणी आणायची वेळ आली. "त्यांचा पूर हजारो वर्सांपूर्वी सरला," ती घागर आपटून म्हणायची, "माझा आता लागलाय." पण तुकड्यांना तिनं हात लावला नाही. उलट शेजारची पोरं खडे मारायला आली की तीच त्यांना हाकलायची. अब्बा रोज सकाळी नमाजाहून आले की हौदावर जायचे, एकेक तुकडा उचलून नाकाशी धरायचे, बोटानं वाजवायचे आणि परत ठेवायचे. त्या दिवसांत त्यांनी गिऱ्हाइकांना सुद्धा थांबवून ठेवलं. एका शब्दासाठी, तोही दुसऱ्यांच्या धर्माचा, एवढं कुणी मागितलेलं नसताना. माझ्या अब्बांबद्दल मला सांगायचं असलेलं सगळं खरं तर या हौदातच आहे.

सोळा-सतरा दिवस झाले असतील. वही पुरी झाली. चर्चचे पाळक दुसऱ्या दिवशी सांगलीला निघाले होते, त्यांच्याबरोबर ती छापखान्यात जायची होती. बाई म्हणाल्या, "गोफेरपुढं लिही, अर्थ ठाऊक नाही. मिस्त्रींचं काही निघालं तर मागाहून कळवू." त्याच सकाळी अब्बा हौदाशी उभे राहून म्हणाले होते, "साग बघ कसा डौलात चाललाय." माझ्या डोक्यात तेवढंच होतं. चाळीस दिवसांनी ते सागच म्हणणार, आणि तोवर पुस्तक छापून झालेलं असणार, मग कोण कळवतंय आणि कोण बदलतंय? मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं, 'गोफेर : साग, किंवा सागासारखे हलके व टिकाऊ लाकूड. हसन मिस्त्री, सुतार, यांचे मत.'

बाईंची रीत होती, लिहून झालं की वाचून दाखवायचं. त्या डोळे मिटून ऐकायच्या. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "गोफेर, एक लाकूड. अर्थ ठाऊक नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि शेंगांची वाटी माझ्याकडे सरकवली.

आता माझ्याही एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. सूनबाई मला औषधाचं नाव वाचून दाखवते आणि मी ते तोंडात टाकते. आपले डोळे दुसऱ्याच्या हवाली करणं म्हणजे काय हे मला आज कळतं. तेव्हा मी मजेत शेंगा खाल्ल्या.

मजा काही दिवसच टिकली. घरी आले की अब्बा हौदाशी दिसायचे, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. एका आठवड्यात आंबा खाली बसायला लागला तर मी मनातून खूश झाले, दुसऱ्या आठवड्यात शिवण सागापेक्षा वर तरंगताना दिसला तर मी अर्ध्या भाकरीवरून उठले. अम्मीनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

चाळीसाव्या दिवशी अब्बांनी तुकडे बाहेर काढले, दिवसभर सावलीत ठेवले आणि संध्याकाळी करवतीनं मधोमध कापले. मग सगळे फडक्यात बांधून मला म्हणाले, चल बाईंकडं. बाईंच्या टेबलावर त्यांनी ते मांडले. बाईंना दिसत नव्हतं, म्हणून अब्बांनी एकेक तुकडा त्यांच्या हातात दिला.

"सगळी आतनं कोरडी हायती बाई. सागबी कोरडा, उंबरबी कोरडा. आंब्याला एका अंगानं ओल लागली, पर तितं डांबर माझ्याकडनंच पातळ बसलंतं. डांबर नीट बसलं तर लाकूड कंचंबी चालतंय. खैर तेवढा न्हवं, तो बुडाला. बाकी कंचं, ते मला न्हाई सांगता येत." मग म्हणाले, "लय बघितलं. मला ठाऊक न्हाई."

बाईंनी उंबराचा तुकडा दोन्ही हातांत धरला होता. "मिस्त्री, मग वहीत आहे तेच खरं," त्या म्हणाल्या. "शमीमनं लिहिलंय, अर्थ ठाऊक नाही."

मी जोरात रडायला लागले. रडत रडत सगळं सांगितलं. काय लिहिलं, काय वाचलं, का लिहिलं, देवळाच्या दरवाजापर्यंत सगळं.  बाईंचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. चाळीस वर्षांच्या वह्यांत त्यांनी एकही ओळ न तपासता लिहिली नव्हती, आणि आता त्यांच्या नावाच्या पुस्तकात माझं खोटं छापलं जाणार होतं. अब्बांनी एवढंच विचारलं, "माझ्या तोंडी घातलंस?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सकाळची पहिली एसटी किती वाजता आहे?" बाईंनी विचारलं.

आम्ही तिघं सांगलीला गेलो. बाई कित्येक वर्षांत गावाबाहेर पडल्या नव्हत्या. अब्बांनी त्यांचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या, खिडकीशी बसवलं, वाटेत कुठलं गाव आलं ते सांगत राहिले. माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. छापखान्याचे मालक तापट होते. त्या पानांचा फर्मा जुळवून तयार होता आणि दुपारी छपाईला चढणार होता. "एका ओळीसाठी मशीन थांबवू?" ते म्हणाले. बाई म्हणाल्या, "थांबवा. नाहीतर वही परत द्या." मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, डोळ्यांवर जाड चष्मा, पायात एसटीची धूळ, आणि अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याला हाक मारली. जुळाऱ्यानं चिमट्यानं माझी ओळ उचलायला सुरुवात केली. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून निघत होते. 'मत' निघालं, 'यांचे' निघालं, मग 'सुतार' निघाला, आणि मी खाली बघितलं.

"आता काय घालू?" जुळाऱ्यानं विचारलं.

बाई उभ्या राहून सांगू लागल्या. "गोफेर. एक लाकूड. हा शब्द एकदाच येतो. अर्थ ठाऊक नाही." जुळारी खिळे वेचत होता. बाई थांबल्या नाहीत. "हसन मिस्त्री, सुतार, यांनी चाळीस दिवस पाण्यात लाकडे ठेवून पडताळा पाहिला. त्यांनाही ठाऊक नाही."

"अहो बाई," मालक म्हणाले, "ठाऊक नाही हे छापायला कुणी सुताराचं नाव घालतं का?"

अब्बाही घाईनं म्हणाले, "आवं, माझं नाव ऱ्हाऊ द्या. मी सांगितलंच काय न्हाई."

"तुम्ही बघून सांगितलंत," बाई म्हणाल्या. "मी आजवर न बघता सांगणारेच जास्त पाहिले, मिस्त्री. ती ओळ राहील."

स्टँडवर परत आल्यावर अब्बा कुठंतरी गेले आणि भडंगाच्या दोन पुड्या घेऊन आले. एक बाईंच्या हातात दिली. दुसरी माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "घे." मी घेतली. लसणाचा ठसका लागला म्हणून मग मी पुन्हा रडले, आणि या वेळी त्यांनी पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले तेव्हा त्यांनी मला पाठवून दिलं नाही. पुढच्या पानांची मुद्रितं तपासायला बसवलं. पण मी वाचून दाखवल्यावर त्या दर पानाला विचारायच्या, "असंच लिहिलंय ना?" आणि मी दर पानाला म्हणायचे, "असंच लिहिलंय, बाई." पुस्तक पुरं होईस्तोवर त्यांनी ते विचारणं सोडलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

पुस्तकाची एक प्रत अब्बांना मिळाली. ती दुकानात, हत्यारांच्या फळीवर असायची. एखादं गिऱ्हाईक फार खोदून विचारायला लागलं, हे लाकूड किती वर्षं टिकंल, तर अब्बा पुस्तकाकडं बोट करायचे. "मला ठाऊक न्हाई. छापलंयबी तितं, बघा जावा." आणि मनापासून हसायचे. बाई गेल्या तेव्हा त्यांची शवपेटी अब्बांनी केली. उंबराची केली आणि आतून-बाहेरून डांबर दिलं. कुणाला काही सांगितलं नाही, मलाही नाही. मला वासावरून कळलं.

परवा माझी नात सना घरी आली होती. बोलता बोलता मी गोफेरचं नाव काढलं, तर तिनं फोनला विचारलं. फोननं क्षणात एका झाडाचं नाव सांगितलं, फोटोसकट. मी कपाटातून पुस्तक काढलं आणि ते पान तिच्यापुढं धरलं. तिनं मोठ्यानं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग विचारलं, "नानी, हे हसन मिस्त्री कोण?"

मी तिला सगळं सांगितलं. देवळाचा दरवाजा, हौद, छापखाना. ती म्हणाली, त्यांचं नाव अजून कुठं असेल, शोधू या. मी म्हटलं, शोध. बराच वेळ ती शोधत राहिली. कुठंच नव्हतं. मग मी तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि अब्बांच्या नावाशेजारी, समासात, एक उभी रेघ मारली.